मंगलीचा दगड

मंगलीला जाऊन तिसरा हिवाळा लागला तरी तिचा दगड उभा राहिला नव्हता, आणि दसरूला आता बायकोची लाज वाटायला लागली होती. मेलेल्या बायकोची कसली आली लाज, असं शहरातला माणूस म्हणेल. म्हणू दे. एटापल्लीच्या रानातल्या मुरमटोल्यात माणूस मेलं म्हणजे संपलं, असं नसतं. त्याला मातीआड केलं, रडून झालं, तरी ते घराच्या आसपासच राहतं. अंगणात, मोहाच्या झाडाखाली, चुलीच्या मागं. गावानं डोंगरातून दगड ओढून आणून त्याच्या नावानं उभा केला, की मग त्याला स्वतःची जागा मिळते. मग ते तिथं बसतं आणि निवांत होतं. तोवर बिचारं उभंच.

म्हणजे मंगली तीन वर्षं उभी होती. आणि जिवंत होती तेव्हा तरी कुठं बसली होती ती? धानाच्या बांधीत वाकलेली, नाही तर मोहफुलं वेचताना वाकलेली. मरताना एवढंच म्हणाली होती, "माह्या दगडाले मोप मानसं येतीन न गा?" दसरू हसला होता. म्हणाला होता, "येडी झालीस का? गाव नाई पुरनार, बाजूच्या टोल्यातले बी येतीन."

असं बोलायला त्याला हक्क होता. या कामात अट मोठी वाकडी असते. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्या घरच्यानं दगडाच्या दोराला हात लावायचा नाही, दगडाच्या सोबतीनं चालायचंही नाही. डोंगरात जाऊन दगड निवडायचा, एवढं त्याचं काम. ओढायच्या दिवशी त्यानं खड्डा खणायचा, भात शिजवायचा आणि वाट बघत बसायचं. ओढायचं बाकीच्यांनी. जुन्या माणसांचं म्हणणं सरळ होतं. घरच्यांना तर तू हवाच होतास रे बाबा, गावाला हवा होतास की नाही ते दगड सांगेल. म्हणून कुणाचाही दगड निघाला की दसरू आपला खांदा घेऊन हजर. जवळपासच्या गावांत त्यानं ओढले नाहीत असे दगड थोडे. डाव्या खांद्यावर माहुलीच्या वेलीच्या दोरानं पडलेला घट्टा अजून हाताला लागायचा. मंगली तेल लावताना त्यावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, सगळ्यांचे मेलेले तुमच्याच खांद्यावर.

त्याच्या बापाचा दगड तर साऱ्या पट्टीत गाजला होता. दसरूचं तेव्हा लग्नही नव्हतं झालं. दोन गावं दोराला लागली, ढोल, गाणी, मोहाची दारू, बायकांच्या शिव्या आणि थट्टा. नाल्यात येऊन दगड अडला तो अडलाच. खडकावर आपटून त्याच्या खांद्याचा टवका उडाला, आत अंगठा बसेल एवढी खोबण पडली. मग तेव्हाच्या भूमयानं, गावाच्या पुजाऱ्यानं, दगडाच्या कानाशी जाऊन सांगितलं, चाल बाबा, पोराचं लगन नाई पाहाचं का? माणसं हसली, हसता हसता जोर लागला आणि दगड वर आला. हे सगळं दसरूनं नंतर ऐकलं, कारण तो घरचा. तो आपला खड्ड्यापाशी भात ढवळत बसला होता. पण ढोलावरून त्याला सगळं कळत होतं. उतारावर ढोल पळायचा, नाल्यात दमायचा, चढाला एकेक ठोका रडत यायचा.

तेव्हा गाव वर, डोंगराच्या पायथ्याशी होतं. दगडांची रांगही तिथंच, ऐनाच्या झाडाखाली. मग खाली रस्ता आला, रस्त्याच्या मागून टॉवर आला, आणि एकेक घर करत सगळा टोला रस्त्याला येऊन बसला. टॉवरची रेंज वरपर्यंत पोचत नाही म्हणे. मेलेल्यांना कुठं रेंज लागते! ते राहिले वरच. खाली दगडांसाठी नवी जागा धरली तीही रस्त्याच्या कडेला. आणि त्या नव्या जागेत दगड किती, तर मोजायला हाताची बोटं जास्त होतील. लोक मरायचे थांबले म्हणून नाही. ओढणारे थांबले म्हणून.

घराघरात आधी सहा-सात पोरं असायची. आता दोन. त्यातलं एक आश्रमशाळेत आणि दुसरं तेलंगणात. पोरं कमी झाली याचं दसरूला वाईट वाटत नव्हतं. सात व्हायची त्यातली चार पुरायची, ते त्यानं आपल्या हातानं केलेलं होतं. त्याचंही एकच पोरगं जगलं, पवन. पवन हैदराबादेला कुठल्याशा गोदामात होता. दिवसभर खोकी इकडची तिकडं करायची आणि हातातल्या यंत्रानं त्यांच्यावर लाल उजेड पाडायचा, असं तो सांगायचा. त्याचं माडिया बोलणंही आता अर्धं झिजलं होतं. बापाशी बोलताना मधेच अडायचा आणि मराठीवर यायचा, तिथूनही घसरून हिंदीवर.

यंदा दसरूनं मनाशी पक्कं केलं होतं की धानाची चुरणी, म्हणजे मळणी, झाली की दगड. धान कापायचा, बांधायचा, चुरायचा, यात अर्धा हिवाळा जातो आणि तोवर पोरं गावात असतात. पण यंदा मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातून हार्वेस्टर आलं. एका बाजूनं शिरलं आणि दुसऱ्या बाजूनं धान ओतत निघालं. आठवडाभरात सगळ्या बांध्या मोकळ्या. सारे खूश. दसरूही खूश झाला, कंबर वाचली म्हणून. गाढवासारखा खूश झाला! काम लवकर सरलं म्हणजे पोरं लवकर सुटली, आणि सुटलेली पोरं गावात थांबतात होय? तेलंगणातल्या ठेकेदाराची गाडी आली. आधी कापूस, मग मिरची, होळीला परत. गाडी भरून गेली आणि टोल्यात उरल्या म्हाताऱ्या, म्हातारे आणि कुत्री.

पवननं फोनवर धीर दिला. "बाबा, तू टेन्शन काऊन घेते? म्या गावाच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्याइनं अंगठा देल्ला."

"म्हंजे येतीन?"

"अंगठा देल्ला म्हंजे येतीनच न."

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पण दसरूच्या लेखी अंगठा दिलेला माणूस बांधला गेला. त्यानं दिवस धरला, बोकड आणला, मोहाची काढून ठेवली. दगड तर त्यानं गेल्या साली पवनला सोबत नेऊनच निवडला होता. वर ऐनाच्या झाडाच्या अलीकडं, उतारावर आडवा पडलेला, मंगलीसारखाच बुटका आणि रुंद. पवननं तेव्हा मोबाईलवर त्याचा फोटोही काढला होता.

ठरल्या दिवशी लालसू भूमया आला. त्याच्यामागून काठ्या टेकत चौघं-पाचजण आले, आणि मंगलीची बहीण कलाबाई पलीकडच्या टोल्यातून दोघी-तिघींना घेऊन आली. बस. दसरू रस्त्याकडं बघत राहिला. जीपही नाही, मोटारसायकलही नाही. ढोल वाजवणारा पोरगाही कापसाला गेलेला. लालसूच्या नातवानं जाताना ढोल मोबाईलमध्ये भरून ठेवला होता आणि एक छोटा स्पीकर दिला होता. म्हातारे तो स्पीकर गळ्यात अडकवून डोंगराकडं गेले.

दसरू खड्ड्यापाशी बसला. ढोल ऐकू आला, पण त्या ढोलाला चढ कळत नव्हता की उतार. एकाच चालीत वाजत होता मेला. दगड हलला की नाही, नाल्यात आला की नाही, काहीच समजेना. मग ढोल मधेच तुटला आणि थोड्या वेळानं म्हातारे रिकाम्या हातांनी खाली आले. लालसूला दोघांनी धरलं होतं.

"नाल्यापर्यंत आनला गा," लालसू धापा टाकत म्हणाला. "म्होरं नाई होत, दसरूभाऊ. मानसंच नाईत. दगड का म्हनून हलीन?"

"बाया बी लागल्या दोराले," कलाबाई म्हणाली. तिचे तळवे सोलले होते. "पोट्टे कुठी हायेत सारे? माह्या बहिनीनं ज्याइले न्हाऊ घातलं, खाऊ घातलं, ते पोट्टे कुठी हायेत? अंगठे दाखवते हरामखोर!"

शिजलेला भात तसाच उरला. बोकड कापला नाही.

दुसऱ्या दिवशी पवन आला. दोनच दिवसांची सुट्टी काढून आला होता आणि त्यातला एक रस्त्यातच गेला होता. बापाचं तोंड पाहून त्यालाही वाईट वाटलं. नाही असं नाही, पोरगं वाईट नव्हतं. पण त्याला वाईट वाटलं की लगेच उपाय सुचायचा, हा त्याचा दोष.

"बाबा, खाली रोडच्या कामावर जेसीबी उभी हाये. ड्रायव्हर बिरजू म्हनून हाये, बिहारचा. मी बोललो त्याच्याशी. जेवनाच्या सुट्टीत आनून देते म्हनते दगड."

दसरू एवढा भडकला की पवन दोन पावलं मागं सरला. "तुही माय का मुरमाची गाडी हाये? जेसीबीनं आनतेस तिले!"

"मंग कोन आनीन? सांग न! तू सांग, मी त्याले फोन लावतो!"

दसरू तडक लालसूच्या घरी गेला, मागोमाग पवन आणि कलाबाई. त्यानं लालसूकडं पाहिलं. लालसू खाटेवर पडल्या पडल्या छातीला हात लावून बोलला, आणि त्याचं बोलणं पवनपेक्षा वाईट लागलं. "येऊ दे मशीन. तिच्यासाठी पोरगा निदान मशीन तरी आनून राह्यला. आपल्यासाठी तेबी कोनी आननार नाई."

कलाबाईनं वेगळंच काढलं. रोज पहाटे तिच्या डोळ्यांपुढं बहीण येत होती, अंगणात उभी. "बसू द्या गा तिले एकदाची," ती म्हणाली. "कशी का असंना."

दसरू वाकला. पण अट घालून वाकला. यंत्रानं नाल्यातला दगड रस्त्यापर्यंतच आणायचा. तिथून खड्ड्यापर्यंत, चार हात का होईना, दोर लावून माणसांनीच ओढायचा. पवननं हो म्हटलं. मशीनसोबत कुणीतरी जाणतं जाऊ दे, हेही दसरूनं सांगितलं. पण जाणार कोण? दसरू आणि पवन घरचे, त्यांना दगडासोबत चालायची बंदी. लालसू खाटेवर. बाकीच्या म्हाताऱ्यांचे पाय कालच्या ओढण्यानं सुजलेले. कलाबाईच्या सोबतीणी रात्रीच आपल्या टोल्याला परतलेल्या, आणि तिला एकटीला परक्याच्या मशीनसोबत कसं धाडायचं? नेम करणाऱ्यांनी तो केला तेव्हा त्यांच्या डोक्यात कधी आलंच नसेल, की एक दिवस गावात घरच्यांखेरीज कुणी उरणारच नाही.

"काई जरूरत नाई," पवन म्हणाला. "बिरजूले फोटो पाठवला म्या. जागा बी सांगतली, नाल्याच्या अंगानं वर जा म्हनून."

जेसीबी घरघरत वर गेली. दसरू खड्ड्यापाशी बसून राहिला. पूर्वी दगड निघाला की धाकधूक असायची, माणसं दमतील, दोर तुटेल, कुणाचा पाय सापडेल. आज कशाचीच भीती नव्हती आणि त्यामुळंच त्याला बसवत नव्हतं. पवन थोडा लांब उभा राहून सुपरवायझरशी फोनवर हिंदीत भांडत होता. तांदूळ चुलीवर चढवला होता, तो शिजायच्या आत जेसीबी परत आली.

दगड पुढच्या सुपात आडवा होता. दसरू उठला. बिरजूनं रस्त्यावर थांबायचं सोडून गाडी सरळ खड्ड्यावरच आणली. "अरे थांब, थांब बे!" दसरू ओरडला, हात हलवत धावला. कलाबाई ओरडली. इंजिनाच्या आवाजात कुणाला काय ऐकू येतं? बिरजूला वाटलं, म्हातारा जागा दाखवतोय. त्यानं सूप तिरकं केलं, दगड घसरला आणि बुडाकडून खड्ड्यात गेला. मग सुपानंच ढकलून त्यानं तो सरळ केला आणि बाजूची माती लोटून दाबलीही. मोठ्या सफाईनं. काम करणाऱ्याच्या हातात कसब होतं, कुणी नाही म्हणणार नाही.

इंजिन बंद झालं.

दसरू दगडाजवळ गेला. दगड बुटका नव्हता, रुंदही नव्हता. उंच होता, दसरूच्या डोक्याच्या वर जाणारा. खालचा भाग ओल्या मातीनं काळा पडला होता, जुन्या मातीनं. वरच्या अंगाला बुरशीचे पांढरे डाग होते. दसरूनं हात वर केला, दगडाच्या खांद्यावरून फिरवला आणि त्याचा अंगठा खोबणीत जाऊन बसला.

तो त्याचा बाप होता.

"इसको कहाँ से उठाया?" पवननं बिरजूला विचारलं. बापाचा चेहरा पाहून त्याला एवढं कळलं होतं की काहीतरी चुकलं.

"ऊपर पेड़ के नीचे से," बिरजू म्हणाला. त्यानं मोबाईल काढून फोटो दाखवला. आडव्या दगडाच्या मागं, फोटोत, उभ्या दगडांची रांग नीट दिसत होती. "फोटो में तो ये भी है। नीचे वाला नाले में धँसा हुआ था भैया, पट्टा चाहिए उसको। ये खड़ा था तो आराम से आ गया। पत्थर ही तो है।"

"बाकीचे?" दसरूनं विचारलं. बिरजूला मराठी कळेना म्हणून त्यानं हिंदीत विचारलं. "बाकी सब?"

"गाड़ी घुमाने में दो-चार लेट गए, चाचा। जंगल में किसको दिक्कत है?"

खरंच, कुणाला दिक्कत होती? त्या रांगेत लालसूची आई होती, ज्यांनी ज्यांनी हा टोला वसवला ते सारे होते. पूर्वी अशा गोष्टीवरून दोन गावांनी धनुष्यं काढली असती. आता ओरडायला म्हणून एक कलाबाई होती. तिनं बिरजूला, पवनला, रस्त्याला, टॉवरला, सगळ्यांना शिव्या घातल्या आणि मग मटकन खाली बसून रडायला लागली.

"बाबा, काढून परत नेऊन ठेवू," पवन म्हणाला. "मी बोलतो बिरजूशी."

"खड्ड्यात गेलेला दगड काढत नसते," दसरू म्हणाला. "मेलेल्या मानसाले उठवत नसते. इतकं बी नाई का सांगतलं तुले कोनी?"

कुणी सांगितलं असणार? सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेलेलं पोरगं. त्याच्या उभ्या आयुष्यात टोल्यात पुरता ओढलेला एकही दगड त्यानं पाहिला नव्हता. दसरूला ते बोलल्यावर कळलं आणि मग त्याला पोराचाही राग करता येईना. राग करायला कुणीच उरलं नाही, हे राग येण्यापेक्षा वाईट असतं.

बिरजूची सुट्टी संपली, तो गेला. भात झाला होता. बोकड कापला, कारण देवाला कबूल केला होता. म्हाताऱ्यांनी खाल्लं. लालसूला खाटेसकट आणलं, त्यानं दगडाच्या पायाशी तांदूळ टाकले आणि नाव घेताना अडखळला. मंगलीचं घ्यावं, की तिच्या सासऱ्याचं? शेवटी त्यानं दोघांचीही घेतली. बापानं जागा दिली म्हणावं सुनेला. पण बापाला कोण देणार?

पवननं दगडाला झेंडूचा हार घातला आणि फोटो काढला. संध्याकाळच्या गाडीला जायच्या आधी तो ग्रुपवर टाकला, आईच्या नावानं. पोरगं तरी काय करणार, सगळे विचारत होते. मग मोबाईल टुणटुण वाजायला लागला. कापसाच्या शेतातून, हैदराबादेतून, पुण्याच्या कंपनीतून, साऱ्या पट्टीतल्या पोरांचे जोडलेले हात आले. "जय सेवा." "काकू लय चांगली होती." "मस्त दगड हाये, भाऊ." "यायचं होतं पन सुट्टी नाई भेटली." पवननं एकेक वाचून दाखवलं, बापाला बरं वाटेल म्हणून.

दसरू ऐकत होता, वाट बघत होता. कुणीतरी म्हणेल, अरे हा तर दसरूच्या बापाचा दगड. ज्याच्या आजानं तो ओढला, तो तरी म्हणेल. खांद्याची खोबण फोटोत स्वच्छ दिसत होती.

"झालं?" त्यानं विचारलं.

"हाव. सगळ्याइनं पाह्यलं," पवन म्हणाला. "सगळ्याइले आवडला."

पवन गेला. सकाळी दसरू नाल्यात उतरला. मंगलीसाठी निवडलेला दगड गाळात आडवा पडला होता आणि म्हाताऱ्यांनी टाकलेला दोर त्याला अजून बांधलेला होता. वर ऐनाच्या झाडाखाली बापाच्या जागी नुसता खड्डा होता. हा दगड तिथं न्यायचा, एवढंच दसरूनं ठरवलं होतं. बापाचा दगड सुनेला गेला, आता बापाला उघड्यावर कसं ठेवायचं?

त्यानं दोर उचलला. डाव्या खांद्यावर घेतला, घट्ट्यावर बरोबर बसला तो. आणि तसाच थांबला.

बाप त्याचा, बायको त्याची. या दोराला त्यानं हात लावायचा नव्हता. आता कुणीतरी ओरडेल म्हणून तो थांबला होता. काठावरून, झाडांमागून, कुठूनही. दसरू, सोड बे, घरच्यानं हात लावत नसते, आमी हाओ न! एवढं कुणी म्हटलं असतं तर तो दोर टाकून खुशाल रडला असता.

ऊन नाल्यात उतरेपर्यंत तो थांबला. कुणी ओरडलं नाही. मग त्यानं पाय रोवले आणि ओढायला लागला.